रो हाऊसला लॅमिनेट फ्लोअरिंग: वरच्या मजल्याला हो, तळमजल्याला नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पाथर्डी फाट्याकडे जुनं रो हाऊस आहे, खाली हॉल, किचन आणि आईंची खोली, वर दोन बेडरूम, सगळीकडे जुन्या स्पार्टेक टाईल्स. आईंच्या गुडघ्यांना थंडीत फरशी सोसत नाही म्हणून अख्ख्या घराला लॅमिनेट टाकायचंय, घरात एक लॅब्रॅडॉर आहे, आणि दुकानदार म्हणतोय १२ एमएम, एसी-५, फुल वॉटरप्रूफ घ्या डोळे झाकून. तर घ्यायचं का?

वरच्या दोन बेडरूमला घ्या. खाली नका घेऊ. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी नाशकात फ्लोअरिंगचंच काम करतो, लॅमिनेट, विनाइल, एसपीसी, लाकडी, सगळंच, त्यामुळे लॅमिनेटशी माझं काही वाकडं नाही, उलट तुम्ही घेतलंत तर आमच्या धंद्याचाच फायदा. पण तक्रार आली म्हणून ज्या घरांत जाऊन बघतो तिथे वरचा थर घासून गेलाय अशी केस क्वचित. कारण शोधत गेलं की शेवटी पाणीच निघतं. पोछ्याचं पाणी, कूलरचं पाणी, खिडकीतून आलेली पावसाची झड, जमिनीतून वर येणारी ओल. आणि दुकानात सगळी चर्चा चालते ती घासण्याच्या टिकाऊपणावर, चावीने ओरखडा मारून दाखवतात आणि गिऱ्हाईक खूश.

लॅमिनेट म्हणजे काय ते एकदा नीट बघा. दुकानात तुटका तुकडा मागा आणि कापलेली कड डोळ्याजवळ धरा. मधला जो तपकिरी जाड भाग दिसतो तो एचडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा-तंतू राळ घालून दाबून केलेला बोर्ड. त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर मेलामाईनचा पारदर्शक थर, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण, आणि खाली बोर्ड वाकू नये म्हणून बॅलन्सिंगचा थर. वरून हा प्रकार खरंच कणखर आहे. पण चारही कडांना जिथे लॉक, म्हणजे तुकडे एकमेकांत अडकवायची खाच, कापलेलं असतं तिथे एचडीएफ उघडा असतो, पाणी तिथून आत जातं आणि बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगला की वाळल्यावर पूर्ववत बसत नाही. सांध्यावर बोट फिरवलं की कड उचललेली लागते, मग त्याच उचललेल्या कडेवरचा कागद पायाने घासून पांढरा पडतो, आणि लोक म्हणतात क्वालिटी खराब निघाली.

हा प्रकार मूळचा स्वीडनचा, १९७७ मध्ये तिथे पेर्स्टॉर्प कंपनीने काढला, पेर्गो हे नाव त्यांचंच. आधी सांध्यांना गोंद लावून बसवायचे, क्लिक लॉक आलं १९९० च्या दशकात. तिकडे घरात बादली घेऊन रोज लादी पुसत नाहीत. आपल्याकडे कामवाल्या मावशी येतात, बादलीत फिनाईल टाकतात, फडका अर्धवट पिळतात आणि दहा मिनिटांत अख्खं घर ओलं करून पंखा लावून जातात. त्यांची चूक नाही, टाईल्स तशाच पुसायच्या असतात. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच की लादी कोण पुसतं आणि कशी. लॅमिनेटला आधी कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम, मग मायक्रोफायबरचा चपटा मॉप, इतका पिळलेला की पुसल्यावरचा ओलावा मिनिटभरात उडून जावा. स्टीम मॉप तर नाहीच. हे रोज पाळलं जाईल का ते घरात बसून ठरवा, दुकानात नाही. वरच्या बेडरूममध्ये हे जमतं, कारण तिथे वर्दळ कमी, चपला बाहेर, सांडलवंड कमी. खालच्या हॉलमध्ये पार्किंगमधून आलेली माती, पाऊस, कुत्र्याचे ओले पाय, पाहुणे, किचनमधून ताटं घेऊन येणंजाणं, तिथे नाही जमत.

आता तळमजला. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे, पाथर्डी, वडाळा, आडगाव, म्हसरूळ कुठेही रो हाऊसच्या स्कीम बघा, पावसाळ्यात माती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि जोत्याचं काम यथातथा असेल तर ओल टाईल्सच्या सांध्यांतून वर येत राहते. टाईलवर ती दिसत नाही कारण येते तशी उडून जाते. त्यावर तुम्ही फोम (लॅमिनेटखाली अंथरतात तो पातळ थर) आणि लॅमिनेट टाकलंत की उडायला वाट राहत नाही, ती ओल खालीच कोंडते, बोर्डाची खालची बाजू ती पिते आणि मग कुबट वास सुरू होतो. भिंतीचा रंग स्कर्टिंगच्या वर वीतभर पोपडे धरून सुटलेला असेल तर टेस्टसुद्धा करायची गरज नाही, उत्तर तिथेच आहे.

तसं काही दिसत नसेल तर दोन बाय दोन फुटांचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, टाईलवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. हा तुकडा टाईल्सचे सांधे मध्ये येतील असा लावा, आणि एक नाही, तीन-चार ठिकाणी लावा, बाहेरच्या भिंतीलगत, बाथरूमच्या भिंतीलगत, खोलीच्या मध्यात. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आतून थेंब किंवा खालचा सांधा काळपट दिसला तर ओल आहे. मात्र ही टेस्ट एप्रिल-मेमध्ये करून समाधान मानू नका, तेव्हा नाशकात सगळंच कोरडं ठणठणीत असतं. श्रावण-भाद्रपदात करा. घाई असेल तर निदान मागच्या पावसाळ्यात खालच्या कपाटातल्या कपड्यांना वास येत होता का ते आईंना विचारा, त्यांना बरोबर आठवत असेल.

आणि वाळवी. एचडीएफ म्हणजे शेवटी लाकूडच. तळमजल्यावर, बाजूला बाग, खाली काळी माती, आणि फर्निचरला एकदा वाळवी लागून गेली असेल तर लॅमिनेट म्हणजे तिला दिलेलं आमंत्रण समजा.

दुकानदाराच्या तीन शब्दांकडे येतो. १२ एमएम आणि एसी-५ या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एमएम म्हणजे बोर्डाची जाडी. एसी म्हणजे वरचा थर किती घासणं सोसतो त्याचा युरोपियन ग्रेड. फिरत्या चाकांना पॉलिश पेपर लावून घासतात आणि छापील डिझाईन जायला किती फेरे लागतात ते मोजतात, एसी-४ ला किमान ४००० फेरे, एसी-५ ला ६०००, शिवाय डाग, आघात, खुर्चीची चाकं अशा बाकीच्या परीक्षाही असतात. एसी-३ घराला चालतो, एसी-४ म्हणजे घरात जोरदार वापर आणि बाहेर साधारण ऑफिस, एसी-५ म्हणजे वर्दळीचं दुकान. तुमच्या बेडरूमला एसी-४ घ्या, पुरून उरेल. अपवाद एकच सांगतो, वरच्या खोलीत झोपाळा असेल तर. झोपाळ्याखाली एकाच दोन फुटांच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं टाचा आणि पंजे घासत राहतात, सोबत बारीक वाळू असतेच, आणि बाकी खोली नवी असताना तेवढाच पट्टा मंद पडलेला मी बघितलाय. तिथे एसी-५ घ्या नाहीतर झोपाळ्याखाली छोटी सतरंजी टाका, स्वस्त पडते.

जाडीचं म्हणाल तर १२ एमएम पायाखाली भरीव वाटतो, आवाज कमी करतो, लॉकही दणकट असतं, हे खरंय. पण स्वस्तातला हलक्या बोर्डाचा १२ एमएम हा चांगल्या घट्ट बोर्डाच्या ८ एमएमपेक्षा कमीच टिकणार, आणि पाण्यापुढे जास्तीच्या ४ एमएमचा काही उपयोग नाही. दोन कंपन्यांचे सारख्या मापाचे तुकडे हातात घेऊन वजन बघा, हलका लागला तो बाजूला ठेवा. मग दोन तुकडे घेऊन स्वतः लॉक करून बघा, खटकन बसलं पाहिजे, बसल्यावर सांध्यात नख अडकता कामा नये, आणि दोन-तीनदा काढून घालून लॉकची कड झडत असेल तर तो माल घेऊ नका. एक तुकडा घरी आणून कापलेली कड रात्रभर पाण्यात उभी करा. प्रयोगशाळेतसुद्धा तुकडा २४ तास पाण्यात ठेवून किती सुजला तेच मोजतात. सकाळी बुडालेली आणि कोरडी बाजू शेजारी धरून बघा. थोडा प्रत्येकच फुगतो, पण काही असे फुगतात की ब्रेड दुधात घातल्यासारखे, बोटाने दाबलं तर भुसा सुटतो.

वॉटरप्रूफ या शब्दावर मात्र थांबा. आता चांगल्या कंपन्या लॉकला मेण किंवा कोटिंग लावतात, त्यामुळे वर सांडलेलं पाणी काही तास, काही मालात एक-दोन दिवससुद्धा आत जात नाही, हे खोटं नाही. पण हे वरून सांडलेल्या पाण्याबद्दल आहे, आणि तेही सांधे नीट बसलेले असताना. खालून येणारी ओल, भिंतीच्या कडेने शिरलेलं पाणी, टाकी ओव्हरफ्लो होऊन घरात आलेलं पाणी, हे त्यात येत नाही. वॉरंटी कार्ड आधी मागून घ्या आणि कशाकशाला लागू नाही तोच परिच्छेद वाचा. कार्ड नंतर देतो म्हणाले तर समजून जा. बॉक्सवर ई-१ हा शिक्का आहे का तेही बघून घ्या, तो बोर्डाच्या राळेतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या अपायकारक वायूच्या मर्यादेचा आहे, बेडरूमला हे महत्त्वाचं. नवा बॉक्स उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास आला तर माल परत.

आता आईंची खोली, कारण सगळा विषय तिथूनच सुरू झाला. तिथे एसपीसी टाका. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेला प्लँक, म्हणजे लांब पट्टी, असतो, क्लिक लॉकचाच, पण पाण्याने फुगत नाही आणि वाळवीलाही त्यात खाण्यासारखं काही नाही. जाडी ४ ते ६ एमएम, वरचा वेअर लेअर, म्हणजे घासणं सोसणारा पारदर्शक थर, घराला ०.३ एमएम चालतो, कुत्रा आहे म्हणून ०.५ घ्या. मागे आयएक्सपीईचा, म्हणजे एक प्रकारच्या घट्ट प्लॅस्टिकचा, फोम चिकटवलेला येतो तो घ्या. पायाला लॅमिनेटइतकी उबदार नाही लागत हे आधीच सांगतो, पण टाईलपेक्षा नक्कीच सुसह्य. तसं लॅमिनेटही काही गरम नसतं, टाईल पायातली उष्णता भराभर ओढून घेते आणि हे सावकाश ओढतं, एवढाच फरक. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा चार-पाचवर येतो तेव्हा आपल्याकडेही पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही, तेव्हा पलंगाच्या उठायच्या बाजूला जाड सतरंजी लागेलच, फक्त खाली न सरकणारी जाळी घाला. आणि शेड मॅट किंवा खरखरीत टेक्श्चरची घ्या. चकचकीत फ्लोअरिंगवर मोजे घालून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची भीतीच वाटते, काठी वापरत असतील तर जास्तच. एसपीसी फुगत नाही म्हणून ओल असलेल्या फरशीवर बिनधास्त टाकू नका पण, प्लँकला काही होणार नाही, खाली बुरशी धरेल, वास येईल. आधी ओलीचा बंदोबस्त, मग फ्लोअरिंग.

हॉल आणि किचनला हात लावू नका, टाईल्स चांगल्या असतील तर राहू द्या. देवघर हॉलमध्येच असणार, समईचं तेल, अभिषेकाचं पाणी, गणपतीत दहा दिवस वर्दळ. २०२७ ला सिंहस्थ आहे, नाशकात घर म्हटल्यावर कोण कोण मुक्कामाला येईल त्याचा नेम नाही, तेव्हा हॉलला बादलीने धुता येण्यासारखी फरशीच बरी.

वरच्या बेडरूमचं काम कसं करून घ्यायचं ते आता, कारण चांगला माल वाईट बसवला की फुकट. टाईल्स काढायची गरज नाही, लॅमिनेट त्यावरच तरंगतं बसतं, खिळे नाहीत गोंद नाही. फक्त प्रत्येक टाईलवर नाण्याने ठोकून बघा, पोकळ वाजणाऱ्या आणि हलणाऱ्या पक्क्या करून घ्या. मग मिस्त्रीची दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी-उभी फिरवा, पट्टीखाली दोन-तीन एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड भरायला सांगा. फिटर म्हणेल फोममध्ये ॲडजस्ट होईल, नाही होत. खड्ड्यावरचा प्लँक प्रत्येक पावलाला लवतो, करकर वाजतो आणि वर्ष-दोन वर्षांत लॉक तुटतं. याच कारणाने फोमही जाड नको, दोन-तीन एमएमचा पण घट्ट घ्या, तो पांढरा भुसभुशीत पॅकिंगचा फोम फुकट दिला तरी नको. फोमखाली प्लॅस्टिकची शीट, २०० मायक्रॉनची, सांध्यावर वीतभर एकमेकांवर चढवून चिकटपट्टी मारलेली. वरच्या मजल्याला तेवढी गरज नसते म्हणतात, पण तुमच्या बेडरूमला लागून बाथरूम असणार, म्हणून टाकाच.

माल आल्या आल्या बसवायला घेऊ नका. बॉक्स न उघडता त्याच खोलीत आडवे दोन दिवस ठेवा. आणि भिंतीलगत चारही बाजूंनी किमान १० एमएम गॅप सोडलाय का ते स्कर्टिंग लावायच्या आधी स्वतः वाकून बघा, दाराची चौकट, खिडकीचा सज्जा, पाइप, सगळीकडे. आपल्याकडे मेमध्ये हवा कोरडी आणि जुलैत दमट, बोर्ड त्याप्रमाणे आकसतो आणि पसरतो. मेमध्ये भिंतीला घट्ट भिडवून बसवलेलं लॅमिनेट जुलैत पसरायला जागा नाही म्हणून खोलीच्या मध्ये वर उचललं जातं, चाललं की धप धप. तक्रार आली की आधी स्कर्टिंग काढून हेच बघायचं, आणि भिंतीकडची कड कापून जागा केली की बऱ्याचदा ते आपोआप खाली बसतं. त्याच कारणाने फिक्स वॉर्डरोब लॅमिनेटवर उभं करायचं नाही, आधी वॉर्डरोब, मग त्याच्या पुढ्यापर्यंत लॅमिनेट. पलंग, टेबल चालतं. दोन खोल्यांच्या मध्ये दारात टी-पट्टी (दोन बाजूंमधली फट झाकणारी पट्टी) घ्या, सलग ओढायचा मोह नको.

दारांचं गणित कोणी आधी करत नाही. ८ एमएम आणि २ एमएम फोम म्हणजे फरशी एक सेंटीमीटर वर येणार, १२ एमएमला जवळजवळ दीड. दार आणि फरशीमधली फट आजच मोजा. दार तासायला सुतार वेगळा, त्याचे पैसे वेगळे, आणि फ्लश डोअर खालून तासलं की कड सील करून घ्यावी लागते. बाल्कनीचं स्लायडिंग दार असेल तर खालच्या ट्रॅकची उंचीही बघा. पश्चिमेकडे बाल्कनी असेल तर पावसाळ्यात झड आत येणारच, तिथे आतली एक टाईलची ओळ तशीच ठेवून रिड्यूसर पट्टीवर (उंचीतला फरक उतरता करणारी पट्टी) लॅमिनेट थांबवा. कूलर वापरत असाल तर तोही त्याच टाईलच्या पट्ट्यावर ठेवा, खोलीत आत नको.

लॅब्रॅडॉरच्या नखांनी फार बिघडत नाही, एसी-४ ला ती ओरबाड सोसते. मुतला आणि रात्रभर कोणाच्या लक्षात आलं नाही तर मात्र सांधे गेले, म्हणून बेडरूमचं दार रात्री लावून ठेवा. घसरणं हा दुसरा मुद्दा, मोठ्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवर मागचे पाय रोवता येत नाहीत, इथेही मॅट टेक्श्चरच कामाला येतं. शेडच्या बाबतीत एवढंच की गडद चॉकलेटी, वेंगे वगैरे दुकानात देखणं दिसतं आणि घरी आल्यावर त्यावर धूळ, पावलं आणि कुत्र्याचे केस मोजता येतात. मध्यम ओकसारखी शेड घ्या. सॅम्पल आडवं जमिनीवर ठेवून खिडकीच्या उजेडात बघा, दुकानातल्या दिव्याखाली उभं धरून नाही.

बॉक्सचा हिशोब स्वतः करा. समजा खोली १२ बाय १४, म्हणजे १६८ स्क्वेअर फूट, सरळ बसवायला आठ टक्के वेस्टेज धरा, १८१ झाले. प्लँक १३८० बाय १९३ एमएमचा आणि बॉक्समध्ये आठ नग असतील तर एका बॉक्सचे जवळपास २२.९ स्क्वेअर फूट, म्हणजे आठ बॉक्स. तिरकं बसवायचं म्हटलं तर वेस्टेज पंधरा टक्क्यांपर्यंत जातं. आणि दोन दुकानांचे रेट लावून बघताना नुसता प्लँकचा रेट बघू नका. फोम, शीट, स्कर्टिंग, टी-पट्ट्या, लेव्हलिंग, फिटिंग, वाहतूक, वर चढवणं, जीएसटी, हे सगळं धरून स्क्वेअर फुटाला काय पडतं ते लिहून मागा. स्वस्त सांगणारा बहुतेक वेळा स्कर्टिंगमध्ये आणि पट्ट्यांमध्ये वसूल करतो. स्कर्टिंग रनिंग फुटाने असतं, तेव्हा खोलीची फेरी मोजून ठेवा, दाराची रुंदी वजा करून.

एक बॉक्स जास्तीचा घ्या, त्याच बॅचचा, आणि पलंगाखाली आडवा ठेवून द्या. शेड दोन-चार वर्षांत बंद होते, मग एक प्लँक बदलायला अख्खी खोली उचकटायची वेळ येते. कामाला दसऱ्यानंतरचा मुहूर्त धरा, पाऊस गेलेला असतो आणि भिंती वाळलेल्या असतात, फक्त फिटरला आधीपासून सांगून ठेवा कारण दिवाळीच्या तोंडावर नाशकात एकही चांगला फिटर रिकामा सापडत नाही.